कंपनाची मर्यादा: तक्त्यातली की मशीनच्या बेसलाइनवरची?

७५ किलोवॉट मोटरचा ब्लोअर, खाली घट्ट काँक्रीटचा पाया. आयएसओ १०८१६-३ या कंपन-मानकाचा (२०२२ पासून त्याच्या जागी आयएसओ २०८१६-३) तक्ता सांगतो: कंपनाचा वेग २.८ मिमी/सेकंद आरएमएसपर्यंत (आरएमएस म्हणजे एक प्रकारची सरासरी) असेल तर दीर्घकाळ चालवा, ४.५ च्या वर गेला तर नुकसानीचा धोका. नवं मशीन ताब्यात घेताना हाच आधार, कारण मागचा इतिहासच नसतो. पण पाया लवचीक असेल तर हेच आकडे ४.५ आणि ७.१ होतात. चुकीचा रकाना धरण्याची चूक इथेच होते.

आता हाच ब्लोअर रोज ०.९ वर चालत असेल आणि २.२ झाला, तर तक्ता गप्प बसतो. बेसलाइन, म्हणजे मशीन ठणठणीत असतानाचं नेहमीचं वाचन, धरणारा गप्प बसत नाही: ०.९ मध्ये २.८ चे २५ टक्के, म्हणजे ०.७ मिळवा; अलार्म १.६ वर. अर्थात वाचन त्याच बेअरिंग हाउसिंगवर (बेअरिंगच्या कवचावर), त्याच दिशेने, त्याच लोडवर हवं. डँपर (हवेचा प्रवाह कमी-जास्त करणारी झडप) अर्धा बंद असताना घेतलेली बेसलाइन फेकून द्या. बेअरिंग बदललं की नवी घ्या.

आमचं मत: अलार्म बेसलाइनवरून, ट्रिप (मशीन आपोआप बंद करणं) तक्त्यावरून. बेअरिंगची सुरुवातीची खराबी मात्र दोन्हींतून निसटते. तिला एन्व्हलप मापनच लागतं, म्हणजे बेअरिंगमधले बारीक, उच्च वारंवारतेचे ठोके वेगळे काढून मोजणं.