कानाच्या इम्प्लांटची तपासणी: टेस्टिंगला पाच स्टार, काउंटरला दीड

आधी तक्रार सांगून टाकते. कानाच्या दवाखान्यात पेशंटला नावाने हाक मारून बोलावतात! तेही मास्क लावून, काचेमागून, मान खाली घालून. माझ्या शेजारच्या आजोबांचं नाव तीनदा पुकारलं आणि ते आपले भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलेले. टोकन नंबरची स्क्रीन होती पण बंद. माझं नाव ताईने ऐकलं, ती सोबत नसती तर मी संध्याकाळपर्यंत तिथेच असते.

सेंटर पुण्यातलं आहे, खाजगी, नाव टाकत नाही. मी सांगलीहून गेले, मला इम्प्लांट चालेल का ते बघायला. माझं दुखणं जुनं आहे, लहानपणापासून दोन्ही कान वाहायचे, उजव्यात हाड सडायला लागलं म्हणून मॅस्टॉइडचं (कानामागच्या हाडाचं) मोठं ऑपरेशन झालं, डाव्याला दोनदा पडदा बसवून झाला पण टिकला नाही. नंतर हळूहळू नसही कमजोर झाली. म्हणजे आवाज आत पोचायचा रस्ता पण खराब आणि आतली नस पण थोडी गेलेली, यालाच मिक्स्ड हिअरिंग लॉस म्हणतात. कानामागचं मशीन वापरते पण त्याचा मोल्ड (कानात बसणारा तुकडा) आत घातला की कानाला हवा लागत नाही आणि पंधरा दिवसांत कान वाहायला लागतो. मग मशीन बंद, थेंब चालू. मी पतसंस्थेत कॅशला बसते, समोर काच, लोक खाली बघून बोलतात, मशीन नसलेल्या दिवशी माझी काय अवस्था होते ते न विचारलेलं बरं.

तर टेस्टिंग. ऑडिओलॉजिस्ट मॅडम तरुण होत्या, पण इतक्या निवांतपणे आजवर कुणी माझा कान तपासला नव्हता. पूर्वी दरवेळी वीस मिनिटांत ग्राफ हातात देऊन "मशीन लावा" एवढंच सांगायचे. इथे सगळं धरून पावणेदोन तास लागले. आधी हेडफोन लावून, मग कानामागच्या हाडावर ठोकळ्यासारखा व्हायब्रेटर ठेवून. हाडाची टेस्ट चालू असताना दुसऱ्या कानात शूं शूं आवाज सोडतात त्याचा मला कायम राग यायचा, वाटायचं मुद्दाम छळतात. मॅडमनी सांगितलं की हाडातून दिलेला आवाज अख्ख्या कवटीतून जातो आणि दोन्हीकडच्या नसांना जवळपास सारखाच पोचतो, म्हणून एका कानाला त्या शूं शूंमध्ये गुंतवून ठेवायचं, नाहीतर उत्तर कुठल्या कानाने दिलं ते कळणारच नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. (आणि ही गोष्ट पुढे फार कामाला आली, सांगते.)

मग ग्राफ समोर ठेवून समजावलं. उजवा कान हवेतून, म्हणजे हेडफोनने, ७५ डेसिबल, हाडातून ३८. डावा हवेतून ६०, हाडातून २५. मी आजवर फक्त ७५ चा आकडा बघून घाबरत होते. मधला जो गॅप आहे तो रस्त्याचा बिघाड, नसेचा बिघाड म्हणजे हाडाची रेघ. साध्या मशीनला हा गॅप पण ढकलत न्यावा लागतो म्हणून आवाज फाटतो, शिट्ट्या मारतो. हाडातून आवाज देणारं इम्प्लांट तो रस्ताच टाळतं, त्याला फक्त ३८ किंवा २५ चंच बघायचं असतं.

घरातल्या सगळ्यांनी कॉक्लिअर इम्प्लांटच (थेट आतल्या नसेला विजेचे सिग्नल देणारं) धरलं होतं. नणंदेने तर लहान मुलांना सरकारी योजनेत मिळतं ती माहितीही पाठवली होती. मॅडमनी शब्दांची टेस्ट घेतली (आधी हिंदी शब्दांची यादी काढली, मी म्हटलं मराठी नाही का, तर दुसऱ्या रूममधून शोधून आणली, पुण्यात मराठी यादी शोधावी लागते बघा). आवाज पुरेसा मोठा केल्यावर बहुतेक शब्द मला बरोबर आले. त्या म्हणाल्या, मोठ्याने बोलल्यावर शब्द कळतायत म्हणजे नस काम करतेय, कॉक्लिअर तुमच्यासाठी नाहीच. महागडी गोष्ट नको म्हणून सांगणारी माणसं मिळतात अजून!

नंतर डोक्याला बँड बांधून त्यावर हाडाचं मशीन लावून ट्रायल दिली. शांत खोलीत काय, सगळंच छान वाटतं. मी हट्टाने खाली कॅन्टीनला गेले. ताईचं बोलणं पाठमोरी असताना कळलं, अर्धं नाही, पूर्ण. आणि शेजारच्या बाईच्या प्लास्टिक पिशवीची चुरचुर थेट मेंदूत, अगदी नको झालं. बँडवर मध्ये कातडी येत असल्यामुळे वरच्या पट्टीतले आवाज दबतात, इम्प्लांटने याहून स्पष्ट येतं असं म्हणाल्या. पण ट्रायल फक्त पाऊण तास, घरी न्यायला देत नाहीत. डिपॉझिट घ्या पण आठवडाभर द्या ना, मला काचेमागे बसून बघायचं होतं. याचा एक स्टार कापला असता, मॅडमकडे बघून सोडून दिला.

सर्जनला भेटायला दोन तास थांबलो, पण भेट झाली ती वसूल. बोनब्रिज, ओसिया, बाहा ही हाडातून आवाज देणाऱ्या इम्प्लांटची नावं. बोनब्रिज साधारण ४५ डेसिबलपर्यंतच्या हाडाच्या रेघेला चालतं, ओसिया ५५ पर्यंत, दोन्हीत कातडी बंद राहते आणि वरचं मशीन मॅग्नेटने चिकटतं. बाहाच्या जुन्या प्रकारात टायटॅनियमचा स्क्रू कातडीबाहेर येतो, रोज साफ करायचा. मी लगेच म्हटलं मॅग्नेटवालंच द्या. तर डॉक्टर म्हणाले थांबा, तुमच्या उजव्या कानात तो हाड सडवणारा रोग परत आला का हे बघायला अधूनमधून एमआरआय लागणार, आणि आतल्या मॅग्नेटमुळे त्या बाजूला मोठा काळा डाग येतो, नेमकं बघायचं तेच झाकलं जातं. माझा चेहरा पडला. मग त्यांनीच सुचवलं की डावीकडे बसवू. हाडातला आवाज दोन्हीकडे पोचतो हे मॅडमनी सांगितलेलंच, डाव्याची नसही जास्त चांगली, आणि उजवी बाजू एमआरआयला मोकळी राहते. त्याआधी सीटी काढून डावीकडे हाडात पुरेशी जागा आहे का बघणार. मी तर उजव्याच कानामागचे केस कापून घ्यायच्या तयारीने गेले होते!

आता काउंटर. इम्प्लांटचा खर्च लाखांत आहे हे माहीत होतंच, पण कोटेशनमध्ये बाहेरचा प्रोसेसर (मॅग्नेटने चिकटणारं ते वरचं मशीन) धरला आहे का हे चारदा विचारल्यावर "तो वेगळा" असं उत्तर आलं. तो वेगळा मग आतल्या तुकड्याचं मी काय लोणचं घालू? मेडिक्लेमसाठी लेखी अंदाज मागितला तर उद्या या म्हणाले. सांगलीहून. बॅटरी, केबल, वॉरंटी संपल्यावर प्रोसेसर बदलायचा खर्च, यातलं काही छापील नाही. शेवटी ताईने आवाज चढवला तेव्हा कागद मिळाला.

पुढच्या महिन्यात आधी एमआरआय, मग सीटी. जाणार असाल तर जुन्या ऑपरेशनचे सगळे कागद न्या, माझी उजव्या कानाची डिस्चार्ज समरी नसती तर एमआरआयचा विषयच निघाला नसता. सर्दी असताना किंवा कान वाहत असताना जाऊ नका, ग्राफ खोटा येतो. आणि वेटिंगमध्ये रिसेप्शनच्या अगदी समोरची खुर्ची धरा, मास्क खाली करायला सांगा, निदान ओठ तरी दिसतील.