पेट्रोलचे झाकण सीटखाली की बाहेर?

माझ्या मावशीला रोजच्या वापरासाठी ॲक्टिव्हा घ्यायची आहे. मात्र सीटखाली झाकण असलेली जुनी घ्यावी की मागच्या दिव्याच्या वर झाकण असलेली, 2020 मध्ये आलेली 6जी, हे तिचे ठरत नाही.

सोयीच्या बाबतीत फरक मोठा आहे. जुन्या गाडीत पेट्रोल भरताना सीटवरील पिशव्या उतरवून सीट उचलावी लागते, आणि पावसाळ्यात तेवढ्या वेळात डिकीतील कागदपत्रे, डबा, सगळेच भिजते. शिवाय सांडलेल्या पेट्रोलचा वास सामानाला लागतो, आणि जेवणाचा डबा नेणाऱ्यांसाठी ही गोष्ट मला गंभीर वाटते. 6जीमध्ये किल्ली फिरवून बटण दाबले की झाकण उघडते, सीट बंदच राहते.

देखभालीत जुनी रचना सरस ठरते, कारण झाकणासाठी वेगळे कुलूप नसते आणि बिघडणारा एक भाग कमी होतो. सुरक्षितता दोन्हींत जवळपास सारखीच आहे.

ज्यांचे फिरणे थोडे आणि खर्च आटोक्यात ठेवायचा आहे, त्यांना चांगल्या स्थितीतील जुनी गाडी पुरेल. मावशीसारख्या रोज सामान वाहणाऱ्यांनी मात्र बाहेरचे झाकणच निवडावे.