कूलरच्या टाकीला तडा: इपॉक्सी लावावी की तापवून जोडावं?

मार्च लागला की खानदेशात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि पहिलं पाणी भरलं की फरशीवर ओघळ दिसतो. तडा बहुतेकदा चाकाजवळच्या कोपऱ्यातच असतो. ४० लिटर पाण्याचं वजन ४० किलो. भरलेला कूलर उंबऱ्यावरून ओढला की सगळा भार त्या कोपऱ्यावर येतो. सुटी टाकी सहसा मिळत नाही, त्यामुळे बदलायचा तर अख्खा कूलरच बदलावा लागतो. म्हणून आधी दुरुस्ती करून बघावी.

घरी करण्यासारखे दोन मार्ग आहेत: दोन कांड्या मळून लावायची इपॉक्सी, किंवा सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिक वितळवून तडा सांधणं. इन्स्टंट ग्लू आणि खाण्याचा सोडा हा तिसरा प्रकार मी टाकीसाठी धरत नाही. तो लगेच दगडासारखा होतो, पण टाकी जराशी वाकली की तडकतो.

टाकी कशाची आहे ते आधी बघा. तळाला त्रिकोणात ५ असेल तर पीपी (पॉलिप्रॉपिलीन), २ असेल तर एचडीपीई (पॉलिथीनचा कडक प्रकार). आकडा नसेल तर तड्याच्या कडेची कीस काढून पाण्यात टाका आणि साबणाचा एक थेंब घाला. साबण नसेल तर जड कीससुद्धा पाण्याच्या पृष्ठभागावर अडकून राहते. तरंगली तर पीपी किंवा एचडीपीई. बुडाली तर बहुधा एबीएस (हेल्मेटसारखं टणक प्लास्टिक) किंवा त्याच्या जवळपासचं काही.

बुडणाऱ्या प्लास्टिकवर इपॉक्सी चांगली धरते, हे मान्यच करायला हवं. १०० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंनी तीन-तीन सेंटिमीटर घासायचं, दोन्ही कांड्या सारख्या घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायच्या, दाबून लावायचं आणि २४ तास पाण्याला लांब ठेवायचं. हातकाम पंधरा मिनिटांचं. तुटलेला स्क्रूचा खांब किंवा पंप अडकवायचा कान परत उभा करायचा असेल तर इपॉक्सीच सोयीची.

अडचण येते ती तरंगणाऱ्या प्लास्टिकवर. पीपीचा पृष्ठभाग मेणासारखा. त्यावर इपॉक्सी चिकटत नाही, नुसती बसते. त्यात आपल्याकडचं ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. दुपारी खिडकीबाहेरची रिकामी टाकी तापून फुगते, संध्याकाळी गार पाणी ओतलं की आखडते. २० सेंटिमीटरच्या तड्याच्या लांबीत, ३० अंशांच्या फरकाला, पीपी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त सरकतं आणि इपॉक्सी त्याच्या साधारण निम्मी. ही ओढाताण रोज चालते. होळीला लावलेलं ठिगळ आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास कडेने उचलतं. काढून उलटं केलं तर पाठ अगदी स्वच्छ असते, टाकीवरची बारीक खरबरीत नक्षी तिच्यावर जशीच्या तशी उमटलेली, आणि प्लास्टिकचा एक कणही सोबत आलेला नसतो.

तेही चाललं असतं. पण माझा निर्णय ज्यावर ठरला ती कटकट पुढची आहे. ठिगळ सुटलं तरी तड्याच्या फटीत इपॉक्सीचा चुरा अडकून राहतो. ती वितळत नाही, करपते. म्हणजे नंतर तापवून जोडायचं म्हटलं तर फट दोन्ही बाजूंनी कोरून मोठी करावी लागते, आणि दोन मिलिमीटर जाडीच्या भिंतीत कोरायला जागा असते कुठे? उलट तापवलेला सांधा गळला तर तिथेच परत वितळवून भरता येतो. फसलेली इपॉक्सी पुढची वाट बंद करते, फसलेला सांधा करत नाही. तरंगणाऱ्या टाकीला म्हणूनच मी आधी आयर्न लावेन.

काम सावकाश करायचं आहे. २० सेंटिमीटरला तासभर तरी धरा. मोटर, पंप आणि वायरिंग काढून ठेवा. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने अर्धा तास भिजवून काढा, धुवा आणि पूर्ण सुकवा. ओल राहिली तर सांध्यात बुडबुडे येतात. टाकी हलकेच वाकवली की तड्याच्या टोकापुढे पांढुरकी रेघ दिसते. ती संपते तिथे ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर सांधा टिकेल आणि तडा पुढे पळेल. मग कटरने व्ही आकाराची खाच, जाडीच्या दोन तृतीयांश खोल.

भरायची पट्टी त्याच प्लास्टिकची हवी. पीपीला ५ आकड्याच्या डब्याचं झाकण चालतं. ४ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा. केबल टाय वापरू नका. तो नायलॉनचा असतो आणि पीपीत मिसळत नाही. खात्रीसाठी पट्टीचं टोक टाकीच्या आतल्या कोपऱ्यात वितळवून चिकटवा आणि गार झाल्यावर ओढा. स्वच्छ निघून आली तर प्लास्टिक वेगळं आहे.

भिंतीला २५ वॅटचं आयर्न पुरतं, जाड कोपऱ्याला ६० वॅटचं लागतं. आधी दर दोन सेंटिमीटरवर आडवे टाके देऊन कडा सरळ धरा, मग पट्टी खाचेत दाबत न्या. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते: पट्टी वितळते आणि खाच गारच राहते. वरून सांधा सुबक दिसतो, पण नखाने सोलून निघतो. आयर्नचं टोक खाचेच्या तळाला टेकवा. तळ आणि पट्टी दोन्ही ओलसर चमकायला लागले की पुढे सरका. पीपी साधारण १६० अंशांना वितळतं आणि आयर्नचं टोक त्याच्या दुपटीहून गरम असतं. धूर निघाला किंवा रंग तपकिरी झाला की प्लग काढून अर्धा मिनिट थांबा. कोपऱ्यात बाहेरून जुन्या चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी, दोन सेंटिमीटर रुंद, दाबून वरून पट्टीचा थर द्या. मग हेच काम आतून करा.

खिडक्या उघड्या ठेवा. पीव्हीसी कधीच तापवू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. त्याला पाइपाचं सॉल्व्हंट सिमेंट आहेच. फवारणीचा किंवा रसायनाचा ड्रम तर आयर्नजवळ आणूच नये.

उन्हाने मेलेल्या प्लास्टिकला मात्र दोन्ही उपाय चालत नाहीत. नखाने खरवडल्यावर पांढरी भुकटी आली तर सांध्याच्या शेजारी नवा तडा जाणार, तेव्हा ती टाकी भंगारातच द्या. खुर्चीचा पाय तुटला असेल तरी मी जोडणार नाही; गळती आणि माणूस पडणं यांत फरक आहे. बादली, टप, घमेलं मात्र याच रीतीने खुशाल जोडा.

सांधा अर्ध्या तासात वापरण्याजोगा होतो. तरी पहिल्या रात्री टाकी निम्मीच भरा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि सकाळी कागदावर ओल दिसते का ते बघा. दिसली तर तेवढीच जागा सुकवून परत वितळवा. कोरडा असेल तर काठोकाठ भरा, आणि कूलर हलवायचा असेल तेव्हा आधी पाणी सोडून द्या.