सिव्हिल एअर पेट्रोलचा कॅडेट प्रोग्राम: पोरांना घालताय तर आधी हे वाचा

आमची लेक अमेरिकेतल्या सिव्हिल एअर पेट्रोलमधे, म्हणजे तिथल्या एअर फोर्सला मदत करणाऱ्या व्हॉलंटिअर लोकांच्या संस्थेत, कॅडेट आहे, आणि मी अगदी मनापासून सांगते, वयात येणाऱ्या पोरांसाठी इतकं चांगलं काही मी इकडे दुसरं बघितलेलं नाही. १२ पासून १८ वर्षांपर्यंत कधीही जॉइन होता येतं आणि मग २१ पर्यंत कॅडेट राहता येतं.

पोरं येतात विमानासाठी, साहजिकच आहे. १८ पूर्ण होईपर्यंत साध्या विमानातून ५ आणि ग्लायडरमधून (बिनइंजिनाचं विमान) ५ फ्लाइट्स फुकट मिळतात, त्यात पुढच्या सीटवर बसवतात, टेकऑफ-लँडिंग पायलटच करतो पण वर गेल्यावर कंट्रोल पोरांच्या हातात येतात. पहिल्या फ्लाइटनंतर घरी आल्यावर लेक नुसती बोलतच होती, झोपायचं नाव नाही!

पण मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर दर आठवड्याची मीटिंग. ड्रिल, व्यायाम, एरोस्पेसचे धडे, आणि हे बरंचसं मोठे कॅडेटच लहानांना शिकवतात. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी बारा वर्षांच्या पोरांची रांग लावतेय, कोणाचं चुकलं तर न ओरडता परत करून घेतेय, मागे उभे असलेले मोठे लोक गरज पडली तरच मधे बोलतायत, हे बघताना खरंच भरून येतं. आणि ही मोठी माणसं सगळी व्हॉलंटिअर, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी युनिफॉर्म घालून हजर.

संस्था नुसती शोभेची नाही हं. १ डिसेंबर १९४१ ला सुरू झाली, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या सहाच दिवस आधी, आणि दुसऱ्या महायुद्धात साध्या पायलट लोकांनी छोट्या खाजगी विमानांतून अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुड्यांवर नजर ठेवली. १९४८ पासून एअर फोर्सची अधिकृत सहाय्यक संस्था. आजही हरवलेली विमानं शोधणं, पूर-वादळानंतर वरून फोटो काढणं ही कामं हेच लोक करतात, आणि ट्रेनिंग घेतलेले कॅडेट जमिनीवरच्या शोधपथकात जातात.

सैन्यात जावंच लागेल का, ही भीती आपल्याकडे खूप असते. अजिबात बंधन नाही. उलट कोणाला जायचंच असेल तर मिचेल अवॉर्ड (कॅडेट प्रोग्राममधला एक महत्त्वाचा टप्पा) मिळवलेल्या कॅडेटला एअर फोर्समधे वरच्या रँकवर सुरुवात मिळते.

आता जरा सांभाळून. फ्लाइट हवामान, विमान आणि पायलट जुळले तरच होते त्यामुळे पोरांना आधीच सांगून ठेवा नाहीतर हिरमुसतात. प्रत्येक स्क्वॉड्रन, म्हणजे संस्थेचं स्थानिक युनिट, वेगळं असतं, म्हणून फॉर्म भरायच्या आधी मीटिंगला जाऊन बसा, जवळ दोन असतील तर दोन्ही बघा. मूल १२ पेक्षा लहान असेल किंवा नुसती एकदा विमानाची चव द्यायची असेल तर ईएए (एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, विमानप्रेमींची संस्था) हिचा यंग ईगल्स कार्यक्रम बघा, १९९२ पासून चालू आहे, ८ ते १७ वयाला, पायलट स्वतःच्या खर्चाने फुकट फिरवून आणतात.