५२ जणांच्या बॅचमध्ये ९८.६३ पर्सेंटाइल

एकूण ६१,३१५ रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण आमची फसवणूक कुणालाही सांगायला बसलं की पहिला प्रश्न "किती गेले?" हा येतो आणि दुसरा "तुम्ही पतसंस्थेत आहात ना?" हा. हो, आहे. कर्ज विभागातच आहे. लोकांचे हप्ते बसवून देते. यातले २०,०६५ गेले, ४१,२५० अजून मागतायत, आणि हे सगळं मुलीच्या एमएचटी-सीईटीच्या (इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या) सराव चाचण्यांसाठी. ज्यांना टोमणे मारायचेत त्यांनी मारून घ्या, आमच्या घरातल्यांनी सुरुवात केलेलीच आहे.

मुलगी बारावी सायन्सला, पीसीएम. तालुक्याचं गाव. पाठ्यपुस्तक पक्कं करून घेणारे सर आहेत, पण घड्याळ लावून प्रश्न सोडवून घेणारं कुणी नाही. आणि सीईटी म्हणजे घड्याळच. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एकाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, पुन्हा ९० मिनिटं, म्हणजे एकाला १०८ सेकंद. पोरीला सगळं येत होतं, ५४ सेकंदांत येत नव्हतं. त्यामुळे "कशाला पडलात असल्या भानगडीत" असं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, की गरज खरी होती. चाचण्या विकणारे हे क्लासवाले खऱ्या गरजेवरच टपून असतात.

सुरुवात नेहमीचीच. मोफत "स्कॉलरशिप टेस्ट", त्यात मोबाइल नंबर, त्याच संध्याकाळी फोन. (या टेस्टमध्ये स्कॉलरशिप न मिळालेलं मूल मला अजून भेटायचंय.) पॅकेज ७२,०००, स्कॉलरशिप २४,०००, म्हणजे भरायचे ४८,०००. ३,००० आत्ता यूपीआयने, उरलेले ४५,००० "बिनव्याजी, १२ सोपे हप्ते, ३,७५० चे". बोलणारा पोरगा गोड. शुद्ध मराठी, दर वाक्याला मॅडम. "मॅडम, ताई हुशार आहेत, फक्त अ‍ॅप्लिकेशनमध्ये मार खातायत." आता हे कोणत्या मुलाला लागू पडत नाही? पण ऐकताना वाटतं, याने आपल्या पोरीला बरोबर ओळखलं. वर पुण्याच्या सीओईपीत इंजिनीअरिंगची सीट मिळवून देऊ, नाहीतर पैसे परत, असंही. स्कॉलरशिप रात्री १२ पर्यंतच.

इथेच एक सांगून ठेवते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. निवडीची, रँकची हमी देणं त्यात दिशाभूल धरलं आहे. हमी ऐकू आली की फोन ठेवा. पुढचं ऐकायचंच नाही.

मग ओटीपी. पहिला "केवायसीचा", दुसरा "सीट ब्लॉक करायचा", तिसरा "हप्त्याच्या सोयीचा". मी फोनवर विचारलं, हे कर्ज आहे का? उत्तर आलं, "नाही मॅडम, कर्ज नाही, फक्त ईएमआय फॅसिलिटी." ईमेल मागताना मुलीचा मागितला, "स्टडी मटेरियल तिकडेच येईल ना". कराराची इंग्रजी पीडीएफ त्याच ईमेलवर आली. कर्ज माझ्या नावावर, आधार-पॅन माझं आणि करार सतरा वर्षांच्या मुलीच्या इनबॉक्समध्ये, सराव चाचण्यांच्या ढिगाखाली! मला जे दाखवलंच नाही ते मी वाचलं नाही म्हणून मीच बेजबाबदार, हा न्याय मला मान्य नाही. आमच्या संस्थेत कर्जदाराला समोर बसवून आकडा वाचून दाखवल्याशिवाय आम्ही सही घेत नाही.

करारात हप्ते १२ नव्हते, १५ होते. ३,७५० गुणिले १५ म्हणजे ५६,२५०. ४५,००० वर ११,२५० जास्त. दर फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण ४५,००० वर धरला तर वर्षाला २० टक्के, फेडत जाऊ तशा घटत्या शिलकीवर धरला तर ३५ च्या आसपास. बिनव्याजी म्हणे! शिवाय प्रोसेसिंगचे १,१८० वेगळे. डिजिटल कर्ज देणाऱ्याने "की फॅक्ट स्टेटमेंट" नावाचा कागद द्यायचा असतो आणि त्यात वार्षिक दर लिहायचा असतो. तो कागद आधी मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दंड न भरता कर्जातून बाहेर पडायला किमान एक दिवस मिळतो. तो दिवस आमचा स्वागताच्या झूम मीटिंगमध्ये गेला. तीही योगायोगाने ठेवलेली नसावी.

आता मूळ मालाबद्दल, म्हणजे चाचण्यांबद्दल. लोकांना वाटतं फसवणूक पैशाचीच झाली. पैशापेक्षा मला जास्त चीड याची आहे.

सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, हे बारावीच्या वर्गातलं शेवटच्या बाकावरचं मूलही सांगेल. यांच्या चाचणीत चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा होत होता. कारण उघड आहे. दुसऱ्या कुठल्या परीक्षेसाठी केलेला माल सीईटीचं लेबल लावून विकला होता. परिणाम काय झाला? पोरगी खात्री नसलेले प्रश्न सोडून द्यायला शिकली. दर पेपरात दहा-बारा गोल रिकामे. चार पर्यायांत १२ उत्तरं डोळे मिटून मारली तरी सरासरी ३ बरोबर येतात, गणितात ते ६ गुण. एका पर्सेंटाइलसाठी जीव टाकणाऱ्या परीक्षेत आमचे पैसे घेऊन यांनी तिला ६ गुण फेकून द्यायची सवय लावली.

दुसरी गोष्ट फिजिक्समधल्या कार्नो इंजिनाच्या प्रश्नाची. १२७ अंश आणि २७ अंश सेल्सिअस या दोन तापमानांमध्ये चालणाऱ्या इंजिनाची कार्यक्षमता काढा. सेल्सिअसचं केल्व्हिन करायचं, ४०० आणि ३००, उत्तर २५ टक्के. मुलीने २५ मांडलं. चूक दाखवलं. त्यांच्या उत्तरसूचीत ७८.७ टक्के! म्हणजे यांनी सरळ सेल्सिअसमधलाच फरक घेऊन १०० भागिले १२७ केलं होतं. आमच्या पोरीने त्यांच्या "मेंटॉर"ला लिहून विचारलं, तर उत्तर आलं, "शॉर्टकट वापर, थिअरीत अडकू नकोस." पोरगी दोन दिवस स्वतःवरच शंका घेत बसली. शेवटी तिच्या कॉलेजच्या सरांनी एका ओळीत निकाल लावला. मी क्लासला फोन केला तेव्हा त्यांनी मला काय सुनावलं असेल? "मॅडम, सरकारी सीईटीतपण चुका होतात, मागच्या वर्षी फेरपरीक्षा घ्यावी लागली ना?" बरोबर आहे, २७ एप्रिल २०२५ च्या गणिताच्या पेपरात चुका निघाल्या होत्या. पण तिथे ५ मे ला फेरपरीक्षा झाली. तुमच्याकडे उत्तरसूचीतला एक आकडासुद्धा बदलला नाही.

आणि आता ते, ज्याने माझी झोप उडवली. डॅशबोर्ड. दर रविवारी निकाल लागायचा. ठळक हिरव्या अक्षरांत: पर्सेंटाइल ९८.६३. त्याच्याच खाली लहान अक्षरांत: बॅच संख्या ५२. "मर्यादित प्रवेश" ही त्यांची फुशारकी होती, म्हणून तो आकडा कायम समोर. मी तो स्क्रीनशॉट जावेला पाठवला, माहेरी पाठवला, स्टेटसला ठेवला. आता विचार करा. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे किती, भागिले एकूण बसलेले, गुणिले १००. मुलं ५२ असतील तर पहिल्याचं १००, दुसऱ्याचं ९८.०८, तिसऱ्याचं ९६.१५. यांच्या मध्ये काही येऊच शकत नाही. ५२ जणांत ९८.६३ हा आकडा अस्तित्वातच नाही! तो यायला ७३ मुलं लागतात. दोन्ही आकडे एकाच पडद्यावर, बोटभर अंतरावर, आणि मी रोज संस्थेत पैशापैशाचा ताळा जमवणारी बाई त्या हिरव्या अक्षरांकडे कौतुकाने बघत होते. पण खरं सांगा, आपल्या लेकराचं ९८ दिसत असताना कोणती आई भागाकार करायला बसते? त्यांना हे माहीत असतं. म्हणून तर आकडा ९८ चा ठेवलेला, १०० चा नाही. १०० वर संशय आला असता.

भांडं फुटलं ते पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. दुसऱ्या एका आईने आपल्या मुलाचा निकाल टाकला. त्याच चाचणीत, आमच्या मुलीपेक्षा ४० गुण कमी. पर्सेंटाइल ९८.६३.

तेव्हापर्यंत चार हप्ते गेले होते, १५,०००. मी पैसे परत मागितले. क्लासवाले म्हणाले, "१५ दिवसांची रिफंड विंडो संपली, आणि पैसे आम्ही नाही, लेंडर घेतोय, तिकडे बोला." कर्जवाले म्हणाले, "क्लासवाल्यांकडून रद्द केल्याचं पत्र आणा." क्लासवाले पत्र देत नाहीत. बँकेत मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, बंद करायला गेले तर काउंटरवरचा साहेब म्हणाला, कंपनीचं पत्र आणा. पुन्हा पत्र! मी लेखी अर्ज दिला, पोच मागितली, तर पोच द्यायला साहेबांचा शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी रजेवर. पाचवा हप्ता परत गेला: कर्जवाल्यांचा दंड ५९०, बँकेचा २९५.

पोलीस ठाण्यात तर बसायलाही सांगितलं नाही. "ओटीपी तुम्ही दिला? सही तुमची? मग फसवणूक कसली? दिवाणी आहे, कोर्टात जा." अर्ज घ्या म्हटलं तर जिल्ह्याला सायबरकडे पाठवलं. सायबरवाल्यांनी विचारलं, पैसे अनोळखी खात्यात गेले का? नाही, करार करून गेले. मग आमचं काम नाही, तुमच्या ठाण्यात जा. शिक्षण खात्याच्या कचेरीत सांगितलं, खासगी क्लास आमच्या अखत्यारीत नाहीत. लोकशाही दिनात अर्ज दिला, त्यावर "विषय या कार्यालयाशी संबंधित नाही" एवढी एक ओळ पोस्टाने घरी आली, त्यातही माझं आडनाव चुकवलेलं. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर काही दिवसांनी मेसेज, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." काय निकाल? कंपनीने लिहिलं होतं, "ग्राहकाशी संपर्क साधला आहे." साधला होता खरा, हप्ता मागायला! प्रत्येक टेबलावर माणूस बसलेला आहे, पगार चालू आहे, आणि प्रत्येकाचं बोट पुढच्या टेबलाकडे. आमच्यासारख्या कागद वाचू शकणाऱ्या बाईची ही गत, तर ज्या शेतकऱ्याने पोरासाठी सोयाबीनचे पैसे भरलेत त्याने कुणाचं दार वाजवायचं?

सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे वसुलीवाल्यांनी आमच्या संस्थेच्या व्यवस्थापकांना फोन केला. "तुमच्या कर्मचारी थकबाकीदार आहेत." थकबाकीदार! हा शब्द मी लोकांच्या नोटिसांवर टाइप करते. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. रात्रीच्या फोनची नोंद वेळेसकट ठेवा, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे कामी येते. आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवस थांबायचं, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर. फी नाही.

मँडेट बंद केलं म्हणजे कर्ज संपलं असं समजू नका, सिबिलला, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीला, डाग लागतोच. माझा लागला. करारात "वाद फक्त आमच्या शहरातल्या न्यायालयात" असं लिहिलेलं असतं, त्याला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मी केली आहे. वकिलाने ५,००० सांगितले, म्हणून स्वतःच लिहिली, मराठीत, सोबत कार्नोचा प्रश्न आणि ५२ चा भागाकार जोडून.

मुलगी आता बालभारतीचं पुस्तक, जुने प्रश्न आणि मोबाइलचं टायमर घेऊन बसते. ८० टक्के भार बारावीवर, २० अकरावीवर, हे सीईटी कक्षच जाहीर करतो. त्यासाठी ४८,००० चा "स्मार्ट प्लॅनर" लागत नाही. एकही गोल रिकामा ठेवायचा नाही, हे तिला पुन्हा शिकवावं लागलं. अजून हात थबकतो तिचा.

कुठलीही टेस्ट सिरीज घ्यायच्या आधी तिची एक चाचणी पूर्ण सोडवायला मागा, उत्तरसूचीसकट, आणि ती आपल्या कॉलेजच्या सरांना दाखवा. ईमेल स्वतःचा द्या. "ईएमआय फॅसिलिटी" म्हणाले तर कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव विचारा. आणि यात अडकलेले असाल तर पैसे परत मागायचा पहिला मेसेज टाकण्याआधी ग्रुपचं चॅट एक्स्पोर्ट करा, डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट काढा. आम्ही आधी मेसेज टाकला. त्याच दुपारी मला आणि त्या दुसऱ्या आईला ग्रुपमधून काढलं, मुलीचं लॉगिन बंद झालं, आणि आयोगापुढे ठेवायला माझ्याकडे ९८.६३ चा एकच पुरावा उरला, मी जावेला पाठवलेला.