दमणच्या बाटल्या आणि ‘परमिट’ची चिठ्ठी

दमणला जाणार असाल तर आधी नकाशा नीट बघा. पश्चिमेला समुद्र आणि उरलेल्या सगळ्या बाजूंना गुजरातचा वलसाड जिल्हा. महाराष्ट्रात यायचं तर गुजरातची हद्द ओलांडावीच लागते. म्हणजे दमणमध्ये कायदेशीर दुकानातून, बिल घेऊन घेतलेली बाटली गाडीत ठेवून तुम्ही निघालात, तर कुठल्याही रस्त्याने गेलात तरी काही मिनिटांत दारूबंदीच्या राज्यात असता आणि तिथे ती बाटली गुन्हा असतो. आम्हाला गाठलेल्या टोळीचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

आम्ही कच्छहून परतत होतो. मी, बायको, मेव्हणा आणि त्याची बायको. महामार्गावरून वापीला आत वळलं की दमण १२-१३ किलोमीटर, म्हणून दुपार तिथे काढून रात्री घर गाठायचं ठरलं. गाव खरंच बघण्यासारखं आहे. मध्ये दमणगंगा, अलीकडे नानी दमण, पलीकडे मोटी दमण. १५५९ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते, त्यामुळे मोटी दमणच्या किल्ल्यात अजून चर्च आहेत, सरकारी कचेऱ्या आहेत आणि दाट झाडांची सावली आहे. जांपोरच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतकं आत जातं की समुद्र शोधत चालावं लागतं. बायका तिथे रमल्या. मेव्हणा मात्र नानी दमणच्या बाजारातल्या दरांच्या पाट्या आठवत बसला होता. करामुळे तिथे दारू आपल्यापेक्षा बरीच स्वस्त पडते, हे सांगायला नकोच.

परतताना त्याने सहा बाटल्या घेतल्या. ‘गुजरातमधून कसं न्यायचं?’ असं मी दुकानातच विचारलं. दुकानदाराने उत्तर दिलं नाही, नुसतं दाराकडे बघितलं. दारात पंचविशीतला एक मुलगा उभा होता, शर्ट इस्त्रीचा, हातात पावतीपुस्तक. ‘एमएच गाडी है ना साहब? आप तो सिर्फ पास हो रहे हो. ट्रान्झिट परमिट बन जाएगा.’ सहाशे रुपये, रोख. त्याने गाडीचा नंबर, बाटल्यांची संख्या आणि तारीख लिहिली, वर एक गोल शिक्का मारला. शिक्का इतका फुगलेला की अक्षर लागत नव्हतं. मग मदतीचा आव आणत त्याने स्वतःच बाटल्या गाडीत लावल्या: डिकीत नाही, तर मागच्या सीटच्या पायाशी, ओल्या टॉवेलांच्या पिशवीखाली. ‘डिकी वो लोग पहले देखते हैं,’ म्हणाला. परमिट असताना लपवायचं कशाला, हा प्रश्न बायकोने तेव्हाच विचारला होता. त्याचं उत्तर कुणी दिलं नाही.

सरकारी चेकनाक्यावर आम्हाला कुणी थांबवलं नाही. पुढे वापीच्या बाजूला, महामार्ग लागायच्या आधी, एक पांढरी जीप पुढे येऊन आडवी थांबली. काचेवर आतून ‘पोलीस’ लिहिलेला पुठ्ठा. तिघे उतरले, एकाची पॅन्ट खाकी, बाकी साधे कपडे. कुणाच्या छातीवर नावाची पट्टी नाही. कागदपत्रं मागितली नाहीत, डिकी उघडायला सांगितली नाही. त्यातल्या एकाने सरळ मागचं दार उघडलं, टॉवेल बाजूला केले आणि म्हणाला, ‘छे बॉटल.’ न मोजता.

चिठ्ठी दाखवल्यावर ते हसले. एकाने ती घडी करून खिशात घातली, परत दिलीच नाही. मग भाषण सुरू झालं: गाडी जमा होईल, चौघांवर केस होईल, बायकांनाही बसावं लागेल, उद्या सुट्टी आहे म्हणजे कोर्ट परवा. त्यातलं निम्मं खरं होतं आणि तिथेच माणूस गळतो. १९४९ चा मूळ दारूबंदी कायदा मुंबई राज्याचा. १९६० साली राज्यं वेगळी झाल्यावर महाराष्ट्राने तो पुढे परवान्यांवर सैल केला, गुजरातने बंदी कायम ठेवली. तिथे दारूची वाहतूक हा गंभीर गुन्हा आहे आणि वाहन जप्त होऊ शकतं. ही माणसं कायद्याचं नाव खोटं घेत नव्हती, स्वतःचं घेत होती.

पन्नास हजारांपासून बोलणं सुरू झालं, बावीसवर आलं. आमच्याकडे नऊ रोख होते. उरलेल्या तेरासाठी एकाने मोबाईलवर क्यूआर कोड काढला. पैसे गेले ते कुठल्याशा मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाच्या नावावर. ‘चौकीवर चला, तिथे भरतो’ असं मी दोनदा म्हणालो, तेव्हा खाकी पॅन्टवाल्याने मेव्हण्याच्या बायकोकडे बघत आवाज चढवला. बाटल्या ‘मुद्देमाल’ म्हणून त्यांनी ठेवून घेतल्या. त्या संध्याकाळपर्यंत पुन्हा कुठल्या तरी फळीवर गेल्या असतील असा माझा अंदाज आहे.

घरी आल्यावर ओळखीच्या वकिलांशी बोललो. त्यांच्याकडून जे कळलं ते तपशिलात सांगतो, कारण उपयोग त्याचाच आहे. ‘महाराष्ट्राची गाडी फक्त गुजरातमधून जाणार’ म्हणून दुकानाबाहेरचा माणूस हातोहात फाडून देईल असं कुठलंही परमिट नसतं. बाहेरून आलेल्यांना गुजरात सरकार जो परवाना देतं, तो गुजरातमधल्याच परवानाधारक दुकानातून घेण्यासाठी असतो. दमणच्या बाटलीला तो लागू नाही. दुकानाचं बिल हा वाहतुकीचा परवाना नव्हे. आणि समजा कसंतरी गुजरात पार केलंत, तरी महाराष्ट्रात परराज्यातली, आपला कर न भरलेली दारू विनापरवाना आणणं हाही गुन्हाच. तलासरीच्या बाजूला उत्पादन शुल्कवाले त्यासाठीच गाड्या तपासतात. थोडक्यात, दमणची बाटली दमणमध्येच संपवायची वस्तू आहे. तीही गाडी चालवणाऱ्याने नाही.

खऱ्या जप्तीत पंचांसमोर पंचनामा होतो, मालाची नोंद होते, गुन्ह्याचा नंबर मिळतो. गाडी सोडवायची तर न्यायालयात अर्ज करावा लागतो. रस्त्यात क्यूआर कोडवर दंड घेणारा माणूस गणवेशात असला तरी पोलिसाचं काम करत नसतो. कुणी अडवलंच तर गाडीच्या काचा वर, दारं बंद, ११२ ला फोन आणि ‘जवळच्या पोलीस ठाण्यात येतो, तुम्ही पुढे चला’ एवढंच. गाडीत काही नसेल तर हे म्हणायला जोर लागत नाही. असेल तर तोंडातून शब्द फुटत नाही, आणि ते त्यांना चिठ्ठी फाडल्यापासून माहीत असतं. गाडीचा नंबर, बाटल्या किती, कुठे ठेवल्या, किती वाजता निघालात, सगळं दुकानाच्या दारातच त्यांना आपण देतो. वर सहाशे रुपये.

दुकानदार सामील होता का? सिद्ध करता येणार नाही म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण त्या मुलाला दारात उभं राहू देतो, एवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तक्रारीवरून घरात भांडण झालं. मेव्हण्याचं म्हणणं, तक्रार केली तर आपणच दारू नेत होतो हे लेखी येईल. टोळीचाही हाच हिशोब असणार. वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या: लोकसेवक असल्याची बतावणी करणं आणि धमकावून पैसे उकळणं हे भारतीय न्याय संहितेत वेगवेगळे गुन्हे आहेत, आणि तक्रार द्यायची तर बाटल्यांचा उल्लेख गाळून देऊ नका, पुढे तेच अंगाशी येतं. मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून ऑनलाइन गेलेल्या तेरा हजारांची नोंद केली, बँकेला व्यवहाराचा क्रमांक दिला आणि पोलिसांकडे लेखी अर्ज दिला, बाटल्यांसकट. मेव्हण्याने त्यावर सही केलेली नाही. क्यूआरचं खातं गोठवलं गेलं तोवर त्यातले पैसे पुढे सरकले होते. नऊ हजार रोख आणि चिठ्ठीचे सहाशे यांचा तर कुठे मागच उरलेला नाही.