शेळ्यांच्या राखणीला लामा की कुत्रा?

नोकरी ठाण्यात आणि शेळ्या मुरबाड-शहापूरकडे, असा व्याप सांभाळणारे आता बरेच आहेत. रात्री गोठ्यावर गडी एकटा असतो, त्यामुळे राखणीची काळजी कायमचीच. ‘अमेरिकेत कळपात लामा ठेवतात, आपणही ठेवावा का?’ हा प्रश्न म्हणूनच हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लामा खरोखर चांगला राखणदार आहे. मात्र तो कोणापासून राखतो, ते आधी बघा.

लामा उंटाच्या कुळातला. अँडीज पर्वतातल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी ग्वानाको या रानटी जनावरापासून तो माणसाळवला, ओझी वाहायला आणि लोकरीसाठी. अमेरिकेतले मेंढपाळ 1980च्या दशकापासून त्याला राखणीला ठेवू लागले. कळपात खच्ची केलेला नर सोडतात आणि शक्यतो एकच, कारण दोन असले की ते एकमेकांतच रमतात. अनोळखी जनावर दिसलं की तो कान टवकारून उभा राहतो, चिरक्या आवाजात ओरडतो, मग अंगावर धावून जाऊन लाथा घालतो. हे त्याला शिकवावं लागत नाही. शिवाय चरतो शेळ्यांबरोबरच आणि पंधरा-वीस वर्षं जगतो. नवी मुंबईच्या खाडीकाठी दिसतात तशा एखाद-दुसऱ्या कोल्ह्याचाच त्रास असता, तर राखणीपुरता मी लामालाच कौल दिला असता.

पण मुरबाडकडे भीती बिबट्याची. अँडीजमध्ये प्यूमा हे मांजरकुळातलं मोठं शिकारी जनावर लामालाच मारून खातं, तेव्हा बिबट्यापुढे त्याचा टिकाव लागायचा नाही. भटक्या कुत्र्यांची टोळी आली तरी तोच बळी पडतो.

त्याहून मोठी अडचण आपल्या हवेची. लामाचं मूळ घर साडेतीन-चार हजार मीटर उंचीवरचं, थंड आणि कोरडं. अमेरिकेत लामा पाळणारे एक साधा हिशेब करतात: फॅरनहाइटमधलं तापमान अधिक आर्द्रतेचा टक्का. बेरीज 120च्या आत असली तर काळजी नाही, 180च्या वर गेली तर जिवाला धोका. आता जूनच्या सुरुवातीची आपली दुपार धरा. 33 अंश सेल्सिअस म्हणजे साधारण 91 फॅरनहाइट, त्यात 80 टक्के आर्द्रता, बेरीज 171. अशा दिवसांत दाट लोकरीचं ते जनावर नुसतं धापा टाकत बसेल. लोकर कातरून, पंखे लावून थोडा आराम देता येईल, पण पुढे चार महिने चिखल आहेच. मला हा त्या मुक्या जीवावर अन्याय वाटतो.

बाकीचंही सोपं नाही. शेळ्यांच्या खनिज मिश्रणातलं तांबं लामाला बाधू शकतं, त्यामुळे दावण वेगळी ठेवावी लागते. परदेशातून जनावर आणायचं तर सरकारी परवानगी आणि विलगीकरण आलंच. त्याचा आजार ओळखणारा डॉक्टर तालुक्याला मिळणं कठीण.

कुत्रा इथल्या हवेत वाढलेला, स्वस्त, आणि रात्री भुंकून गड्याला उठवतो. त्याची उणीवही तितकीच खरी: बिबट्याला कुत्रा हे आवडतं भक्ष्य. हिमालयातले मेंढपाळ म्हणूनच कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा बांधतात, कारण बिबट्या आधी मान धरतो. तुम्हीही बांधा, आणि रात्री कुत्र्याला साखळीने उघड्यावर ठेवू नका.

माझं मत विचाराल तर पहिला पैसा गोठ्यावर घाला. चारी बाजूंनी मजबूत जाळी, वरून पक्कं छप्पर, आतून कडी लागणारं दार. उघड्या छपराचा गोठा असेल तर कुठलाच राखणदार पुरा पडणार नाही. त्यानंतर गावठी कुत्रीची दोन पिल्लं आणा, दूध सुटल्यावर लगेच, आणि ती घरात न ठेवता करडांशेजारीच वाढवा. रेबीजची लस दरवर्षी द्या. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेला अल्सेशियन मात्र या कामाला नेऊ नका. शेळ्यांची सवय नसलेला कुत्रा त्यांच्याच मागे लागतो.